कोरड्या गावातला वर्षावास

आमच्याकडं पावसाळ्यात पाणी येतं. पाऊस येईलच असं काही नाही. पाऊस पडतो तो तिकडं वर, मावळात. घाटातली धरणं भरतात, दारं उघडतात आणि मग एखाद्या सकाळी डाळजच्या बाजूला बघावं तर उजनीचं पाणी पसरत पसरत उसाच्या बांधाला येऊन टेकलेलं असतं. वर आभाळ कोरडं ठणठणीत. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की अंगावर धूळ, आणि त्या धुळीपलीकडं डोळा पोहोचेल तिथवर पाणी. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. दुसऱ्याच्या पावसावर जगायची आम्हाला सवय आहे.

आषाढ आला की विहाराच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. ‘सोमवारचं भोजनदान आमचं.’ ‘गुरुवारी नातीचा वाढदिवस हाय, त्यो दिवस आमाला सोडा.’ मी बारामतीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून ते वाचते. पेपर तपासायचे पडलेले असतात. मी इंग्रजी शिकवते, म्हणजे मुलांना ज्याची भीती वाटते ते शिकवते. तर हे भोजनदान वर्षावासाचं. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहायचं, गावोगाव हिंडायचं नाही. पावसात चालताना कोवळं पीक तुडवलं जातं, किडामुंगी पायाखाली येते, म्हणून फार जुन्या काळापासूनचा हा नियम. या तीन महिन्यांत गावानं भंत्यांना जेवू घालायचं, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन करायचं, बायकांनी पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला यायचं. यंदा आलेले भंते नगरकडचे आहेत. गप्पिष्ट आहेत, भाकरी हातात घेऊन खातात, कुणाच्याही हातचं ताट हसत घेतात. काही अडचण नाही. पण आषाढ आला की मला यांच्याऐवजी त्या थायलंडच्या भंत्यांचाच वर्षावास आठवतो, आणि आत्या आठवते.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण, हौसाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी येऊन राहिली आणि हळूहळू सगळ्या वस्तीची आत्या झाली. आमचं विहार उभं आहे ते तिच्या वाटणीच्या जमिनीत. तिनं जागा दिली, बांधकामाच्या वेळी स्वतः डोक्यावर विटा वाहिल्या, आणि फरशी बसवणाऱ्याला उतार चुकला म्हणून दोनदा फरशी उचकटायला लावली. विहाराची किल्ली तिच्या कमरेला असायची. भंते कुठलेही येवोत, वर्षावासाचं पहिलं ताट तिचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. वेगळं काही ठरवण्याची कुणाची हिंमतही नव्हती.

थायलंडहून आधी मूर्ती आली. माझा चुलतभाऊ रमेशदादा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला आणि विहार कमिटीचा अध्यक्ष झाला. एसटीत असताना कधी दाखवला नसेल एवढा उत्साह त्यानं तिथं दाखवला. कुठंकुठं अर्ज केले, माणसं गाठली आणि टेम्पोतून सोनेरी बुद्धमूर्ती उतरवून घेतली. बायका पुढं झाल्या. बारीक कोरलेल्या भुवया, लांब नाजूक बोटं, डोक्यावर ज्योतीसारखा उभा शेंडा. आमच्या जुन्या सिमेंटच्या मूर्तीचा चेहरा गोल, गाल भरलेले, चेहरा आमच्यातल्याच कुणाचा तरी असावा तसा. ती बघायची सवय झालेली. शेजारच्या वस्तीवरचे सोपानतात्या बघायला आले होते. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं असायची, आता ऊस आहे. ते बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, “चांगला हाय. पन पावना वाटतोय.”

“अहो तात्या, बुद्ध एकच,” रमेशदादा म्हणाला, “चेहरा ज्या त्या मुलखाचा.”

“मंग मिशा का न्हाईत आपल्याला? आपल्या मुलखाच्याला?” तात्या म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला मात्र तेव्हा बोधगया आठवली. त्याच्या आदल्या थंडीत मी आत्याला तिकडं घेऊन गेले होते. तिथं एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देशोदेशींची विहारं आहेत. थायलंडचं, जपानचं, भूतानचं, ब्रह्मदेशाचं, व्हिएतनामचं. जो तो देश आपापलं छप्पर घेऊन आलेला. आत्यानं सगळी पाहिली, सगळीकडं गुडघे टेकले आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाला नावं ठेवली. जपानच्या विहारात सगळं लाकडी आणि शांत, तर म्हणे, “हितं खोकायचीबी चोरी.” भूतानच्या विहारात भिंतभर रंगीत, दात विचकलेल्या रक्षक देवता. “बुद्धाच्या घरात ही भुतं कशाला?” थायलंडच्या विहाराची झळाळी बघून ती म्हणाली, “आयला, ह्यांच्याकडं सोनं काय ढेकळावानी पडतंय का?” तिबेटी बायका फळीवर हात सरकवत पूर्ण आडव्या होऊन नमस्कार घालत होत्या. पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या. आत्या त्यांच्याकडं खूप वेळ बघत होती. मग पदर खोचून तीही एका मोकळ्या फळीवर आडवी झाली आणि उठताना तिला दोन तिबेटी बायकांनी काखेत हात घालून उठवलं. तिघी एकमेकींच्या भाषेत काहीतरी बोलल्या, खूप हसल्या. कुणालाच काही कळलं नव्हतं. परतीच्या रेल्वेत आत्या म्हणाली, “येवढं जग आपलं हाय, मंगल. माझ्या आईला ठाव न्हवतं.” तेव्हा ती फार खूश होती.

म्हणून मूर्तीपाठोपाठ थायलंडचे एक भंते आमच्याकडं वर्षावासाला येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. विहाराच्या मागची खोली तिनं स्वतः सारवल्यासारखी पुसून घेतली, फरशीची खोली. मला फोन आला, “रजा टाक आन ये. त्येला मराठी येत न्हाय, आमाला विंग्रजी येत न्हाय. तू मधी बस.”

भंते तरुण होते. बारीक, सावळे, तपकिरी चीवर, खांद्याला झोळी. आमच्याकडच्या एखाद्या ऊसवाल्याच्या मळ्यात उभे केले असते तर वेगळे ओळखू आले नसते. त्यांचे आईवडील भातशेती करतात असं त्यांनी सांगितलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी आभाळाकडं बघितलं, मग कोरड्या बांधाकडं, मग लांब पसरलेल्या पाण्याकडं, आणि मला विचारलं, पाऊस कुठं आहे? मी सांगितलं, पुण्याच्या पलीकडं. ते इतक्या गंभीरपणे मान डोलवत राहिले की मला हसू आलं.

सोपानतात्यांना वर्षावासाचा नियम समजावून सांगितला तर त्यांना तो ताबडतोब पटला. “बराबर हाय की. आमी मेंढरं घेऊन आठ म्हयनं रानोमाळ हिंडायचो, पन पावसाळ्यात घरला. तुमचं भंते आमच्यातलंच म्हना.” हे मी भंत्यांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढं तात्या दिसले की ते मेंढरासारखा आवाज काढायचे. भिक्खूनं असं करावं की नाही यावर कमिटीत चर्चा झाली.

चर्चा मासळीवरही झाली. आमच्याकडं भंत्यांना शाकाहारी जेवण द्यायची पद्धत. हे भंते मात्र म्हणाले, जे वाढाल ते खाईन, तिखट असलं तरी. आणि पाण्याच्या कडेला जाळ्यात चिलापी बघितली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या गावच्या तळ्यात हाच मासा असतो म्हणे. वस्तीतल्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गवार, दोडका, बटाटा यांच्या पलीकडं तीन महिने काय करायचं ही मोठीच काळजी होती.

पहिल्या दिवशी पहाटेच्या वंदनेला त्यांनी तेच आमचे पाली शब्द म्हटले, पण असे की आम्ही सगळे मागं पडलो. चाल वेगळी, सूर नाकातून वर चढणारा, ‘बुद्धं’चं भलतंच काही होणारं. बायका एकमेकींकडं बघून पदराआड हसल्या आणि मग त्यांच्या चालीवर म्हणायला लागल्या. आत्या सगळ्यांत मोठ्यानं.

आणि मग साडेदहा-अकराच्या सुमारास भोजनदान. बाराच्या आत भंत्यांचं जेवण व्हायला हवं, त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ते काही खात नाहीत. भंते मूर्तीसमोर आसनावर बसले. आत्या ताट घेऊन पुढं आली. पांढरं लुगडं, केस चापून बसवलेले, ताटात पुरणपोळी, आमटी, भात, कुरडई. तिनं दोन्ही हातांनी ताट पुढं केलं. भंत्यांनी झोळीतून घडी घातलेलं एक कापड काढलं, ते समोर जमिनीवर पसरलं, त्याचं टोक आपल्या बोटांनी धरलं आणि मान लववून, अगदी नम्रपणे, ताट त्या कापडावर ठेवण्याची खूण केली.

मला थोडंसं ठाऊक होतं. थायलंडकडं भिक्खू बाईच्या हातून थेट काही घेत नाहीत, मध्ये कापड लागतं. आधी सांगायला हवं होतं हे खरं, पण तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी काही बोलायच्या आत आत्यानं त्या कापडाकडं बघितलं, मग भंत्यांच्या आखडून घेतलेल्या हाताकडं. तिनं ताट कापडावर ठेवलं नाही. जमिनीवरही ठेवलं नाही. ती ते तसंच घेऊन विहाराबाहेर पडली, घरी गेली, आणि चुलीपुढं बसून ती पुरणपोळी तिनं स्वतः खाल्ली. सगळी. मी दारात उभी राहून बघत होते. किल्ली तिनं खुंटीला अडकवली होती.

“आत्या, अगं त्यांची रीत आहे ती.”

“मला ठाव हाय ती रीत,” ती म्हणाली. “तुला ठाव न्हाय.”

ती काय म्हणत होती ते मला कळत होतं आणि नव्हतंही. मी बारामतीच्या नळाचं पाणी पिऊन मोठी झाले. तिचं बालपण गावकीत गेलं. गावाची राखण, निरोप, मेलेली जनावरं ओढणं, असली गावाची कामं आमच्या घरांकडं पाळीनं असायची. त्याच्या बदल्यात संध्याकाळी गावातल्या घरोघरी जाऊन भाकरी मागून आणायची. आत्याची आई, म्हणजे माझी आजी, या भाकरीला जायची आणि लहानगी हौसा तिच्या मागं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. पदर पसरायचा. आतली बाई हात उंच धरून भाकरी वरून सोडायची, हाताला पदर लागू नये म्हणून. कधी भाकरी पदरात पडायची, कधी मातीत. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीनं हे सगळं एका दिवसात टाकलं. आजीनं भाकरीची टोपली चुलीत घातली होती असं आत्या सांगायची. त्याच धम्मातला एक माणूस समुद्रापलीकडून येऊन तिच्यासमोर कापड पसरून बसला होता, तिचा हात लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी कुणीच स्वयंपाक केला नाही. ठरवून नव्हे. आत्या गेली नाही, तर आपण कशाला, एवढंच. रमेशदादा केळी आणि बिस्किटं घेऊन गेला. वर्षावासाला बसलेल्या भिक्खूला जागा सोडून जाता येत नाही, आणि केळ्यांवर तीन महिने माणूस जगत नाही. रविवारी मला त्याचा फोन आला. घाटात एसटीचे ब्रेक फेल झाले असते तरी त्याचा आवाज एवढा घाबरला नसता. “मंगल, तू ये बाई. भंतेजी वाळून चाललेत. आन आत्या म्हनती, विहार तुमाला लखलाभ, मी न्हाय पाय ठेवायची तितं. तिच्या जागंवर विहार आन तीच न्हाय, गाव काय म्हनंल?”

मी गेले. मला रागच आला होता, दोघांचाही. भंत्यांचा जास्त. बाईचा हात म्हणजे काय विंचू आहे? मी त्यांना विहाराच्या ओट्यावर बसून सगळं इंग्रजीत सांगितलं. पदर, उंबरा, वरून पडणारी भाकरी. कठोरपणे सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. ते खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, हा नियम मला बांधण्यासाठी आहे, त्यांना दूर ठेवण्यासाठी नाही. माझी आईसुद्धा कापडावरच ठेवते. चीवर घेतल्यापासून मी आईच्या हाताला हात लावलेला नाही.

मी हे आत्याला जाऊन सांगितलं. ती शेंगा फोडत होती.

“आईला सुदिक?” तिचा हात थांबला. “अगं बया. मंग येडंच हाय ते पोरगं.”

“म्हणजे तुला वेगळं काही केलं नाही त्यांनी.”

“आसंल.” ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. “त्येच्या आईला चालत आसंल. तिच्या पदरात कुणी वरनं टाकली न्हाय.”

 मी परत ओट्यावर जाऊन ते वाक्य भंत्यांना जसंच्या तसं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, त्यांचं घर कुठलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पात्र घेऊन बाहेर पडले. अनवाणी. मागं रमेशदादा, त्याच्यामागं मी. पिंडपात म्हणतात त्याला. आपण घरोघरी जाऊन, मुकाट उभं राहून, जे मिळेल ते पात्रात घ्यायचं. पात्रात बाईही थेट घालू शकते, मध्ये कापड लागत नाही. भंत्यांनी त्यांच्या परीनं वाट काढली होती, आणि मला ती फार सुंदर वाटली. आमच्या वस्तीत मात्र असं कुणी कधी बघितलेलं नव्हतं. कोंबड्या बाजूला झाल्या. मोटारसायकल पुसणारा एकजण फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला. कुणी केळं टाकलं, कुणी गडबडीनं फरसाणाचा पुडा. मग ते आत्याच्या दारापुढं जाऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. नजर खाली, पात्र दोन्ही हातांत.

आत्या आतून आली. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली असावी, करपल्याचा वास येत होता.

“ह्यो हितं का उभा हाय?”

“भिक्षेला आलेत,” मी म्हटलं. “तू पात्रात घाल. तुझ्या हातानं. कापड नाही मध्ये.”

मला वाटलं होतं ती विरघळेल. तिचा चेहरा असा काही झाला की मी एक पाऊल मागं सरकले. उंबऱ्याबाहेर उभा असलेला तो बारका माणूस, हातात पसरलेलं भांडं. ती त्याच्याकडं बघत होती आणि तिला दिसत होतं भलतंच कुणीतरी. आणि मला तेव्हा कळलं की आम्ही दोघांनी, भंत्यांनी आणि मी, चांगल्या मनानं नेमकं तेच तिच्या दारात आणून उभं केलं होतं.

“न्हाय,” ती म्हणाली. “माझ्या दारात उभं राहून कुणी भाकरी न्यायची न्हाय. म्या मरंस्तवर न्हाय. त्येला म्हनावं, आत ये. बस. मंग वाढती.”

“आत्या,” रमेशदादा मध्ये पडला, “भिक्षेला निघाल्यावर त्यांना घरात बसायचं न्हाय, त्यांचा नियम—”

“त्येचा नियम त्येनं सांगितला. आता माझा आईक.”

मी भंत्यांकडं वळले. सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात किंचित वर केला. त्यांना कळलं होतं, किंवा तिच्या आवाजावरून जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं.  मग त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं, धुळीनं भरलेल्या, आणि रांजणाकडं बोट दाखवलं. रमेशदादानं तांब्यानं पाणी घातलं. पाय धुऊन ते उंबरा ओलांडून आत आले.

आत्यानं चटई टाकली, तिच्यावर धुतलेली चादर. ते बसले. रमेशदादा त्यांच्या बाजूला, मी भिंतीला टेकून. आत्या समोर बसली. चुलीवर आदल्या दिवशीच्या चिलापीचं कालवण होतं, तिच्या एकटीपुरतं. तिनं न करपलेली भाकरी निवडली, मोडली आणि पात्रात ठेवली, अगदी तळाशी हात नेऊन. मग कालवण. पळी पात्राच्या काठाला टेकवून, हळू, एक थेंब बाहेर न सांडता. भंत्यांनी त्यांच्या त्या चढ्या सुरात काहीतरी म्हटलं, आशीर्वादाचं असावं. आम्ही साधु, साधु, साधु म्हटलं. मग ते जेवायला लागले. तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबले नाहीत.  आत्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होती, घास तोंडापर्यंत जाईपर्यंत प्रत्येक घासाकडं.

“मंगल,” ती म्हणाली, “इचार त्येला, पोट भरलं का. माझ्या आईला कुणी इचारलं न्हाय.”

मी विचारलं. भंत्यांनी मान हलवली, नाही, आणि पात्र दोन्ही हातांनी तिच्यापुढं केलं.